जुन्या गेम, सीडी, कॅसेट स्वस्तात कशा मिळवायच्या?

“बंद आहे. सुट्या भागांसाठी न्यायचा असेल तर न्या,” जुन्या बाजारातला विक्रेता म्हणाला.

टेबलाखालच्या खोक्यात निन्टेन्डो ६४ हा टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल पडला होता, वर धुळीचा थर. पुढचं छोटं झाकण नखाने उचललं तर आतला खाचा मोकळा. त्या खाच्यात जंपर पॅक नावाचा छोटासा तुकडा, किंवा त्याच्या जागी मेमरी वाढवणारा एक्स्पान्शन पॅक, नसला तर हा कन्सोल चित्रच दाखवत नाही. दिवा लागतो, पडदा कोरा. कुणीतरी एक्स्पान्शन पॅक काढून वेगळा विकला असणार आणि उरलेलं धूड ‘मेलं’ म्हणून खोक्यात आलं. मी ते भंगाराच्या भावात उचललं, जंपर पॅक दुसरीकडून मिळवला. तो कन्सोल आजही चालतो.

जुन्या बाजारातला स्वस्त माल बहुतेक वेळा असाच सापडतो. विकणाऱ्याला जो दोष जीवघेणा वाटतो, तो तुम्हाला पाच मिनिटांचं काम वाटतो. उलटंही होतं. वरून चकचकीत दिसणारी वस्तू आतून खलास असते आणि तिच्यावर उड्या पडतात. म्हणून या लेखात भाव कसा पाडायचा यापेक्षा वस्तू कशी तपासायची यावर जास्त भर आहे.

घरी करायची तयारी

फोनमध्ये एक यादी ठेवा. तीन रकाने पुरतात: काय हवंय, कोणतं यंत्र लागेल, जास्तीत जास्त किती देणार. तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण हवी असलेली वस्तू हातात आली की डोकं चालत नाही. घरात काय आधीच आहे तेही लिहून ठेवा. माझ्याकडे एकाच फुटबॉल गेमच्या तीन प्रती आहेत, त्या अनुभवातून हे सांगतो.

भाव पाहताना लोक मागतात किती ते पाहू नका, विकलं कितीला गेलं ते पाहा. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय आहे. गेमसाठी प्राइसचार्टिंग आणि तबकड्या-सीडींसाठी डिस्कॉग्स इथे मागच्या विक्रीचे आकडे मिळतात. नुसती कार्ट्रिज (यंत्रात खोचायची गेमची डबी), खोका-पुस्तिकेसह, आणि सीलबंद असे तीन वेगळे भाव असतात. विक्रेता बरेचदा सीलबंदचा भाव बघून सुटी कार्ट्रिज विकायला बसलेला असतो. तेव्हा वाद घालू नका, पुढे चला.

यंत्र आणि माल जुळतात का हेही आधी पाहा. निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना, त्याच यंत्राची परदेशी आवृत्ती असलेल्या एनईएसच्या कार्ट्रिजला ७२. एकाची दुसऱ्यात जात नाही. गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रांना प्रदेशाचं कुलूपच नाही, त्यामुळे कुठल्याही देशातली कार्ट्रिज चालते. फक्त भाषा वाचता यायला हवी. डीव्हीडीला १ ते ६ असे प्रदेश आहेत, ब्लू-रेला ए, बी, सी. व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीत पाल की एनटीएससी (देशागणिक वेगळ्या टीव्ही-पद्धती) हे बघावं लागतं.

यंत्राच्या बाबतीत एक आडवाट कायम फायद्याची ठरते. जे यंत्र सगळ्यांना हवंय ते सोडा आणि त्याचंच काम करणारं, कुणाला नको असलेलं यंत्र घ्या. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलच्या सुरुवातीच्या मॉडेलच्या वरच्या झाकणाखाली त्याआधीच्या गेमक्यूब कन्सोलच्या कंट्रोलरची भोकं असतात आणि ते गेमक्यूबच्या डिस्क चालवतं. हातात धरायच्या डीएस आणि डीएस लाइटला गेम बॉय ॲडव्हान्सचा खाचा आहे. प्लेस्टेशन २ पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क वाचतं, प्लेस्टेशन ३ सुद्धा वाचतं. वीचा सेन्सर बार हरवलाय म्हणून यंत्र स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. त्या बारमध्ये अवरक्त दिव्यांच्या दोन पुंजक्यांपलीकडे काही नसतं. टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या ठेवूनही काम भागतं (पडद्यापासून लांब ठेवा म्हणजे झालं).

आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ. पुढची पिढी आली की मागच्या पिढीचे भाव कोसळतात, आणि त्यावर वाढलेली मुलं कमवायला लागली की परत चढतात. १९९६चं निन्टेन्डो ६४ आणि २००१चं गेमक्यूब चढणीवर आहेत. २००५-०६ मधल्या एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वीच्या डिस्क मात्र अजून ढिगाने पडलेल्या दिसतात. माझं मत विचाराल तर आत्ता तिथेच हात मारावा. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं, तेव्हापासून त्या गेम विकत घ्यायच्या तर कार्ट्रिज आणि डिस्क एवढाच मार्ग उरला. त्या स्वस्तात घ्यायचा काळ मात्र हातातून गेला म्हणा.

शोधायचं कुठे, आणि कोणत्या शब्दांनी

जिथे विकणाऱ्याला माहिती आहे, तिथे स्वस्त मिळत नाही. रेट्रो गेमच्या दुकानात तपासलेला माल मिळतो, परत घेण्याची हमी मिळते, पण भावही पुरेपूर लावतात. स्वस्त माल असतो तो घर रिकामं करणाऱ्यांकडे, धर्मादाय दुकानांत, ग्रंथालयांनी काढून टाकलेल्या मालात, जुन्या वस्तूंच्या आठवडी बाजारात.

ऑनलाइन शोधताना वस्तूचं बरोबर नाव टाकलंत तर बरोबर नाव माहीत असलेलेच विक्रेते सापडतील. माळा साफ करणारा माणूस ‘सुपर निन्टेन्डो’ लिहीत नाही. तो लिहितो ‘जुना व्हिडिओ गेम’, ‘टीव्ही गेम’, ‘गेमच्या कॅसेट’, ‘मुलांचं जुनं सामान’. तेच शब्द टाका. चुकीचं स्पेलिंग टाका. मग फोटो मोठा करून बघा. शीर्षकात डीव्हीडी प्लेअर असतो आणि मागच्या फळीवर आडव्या रचलेल्या कार्ट्रिजच्या कडा दिसतात. ‘ते मागचंही विकायचंय का?’ एवढा एक प्रश्न पाठवायचा.

घाऊक गठ्ठा हा सगळ्यांत स्वस्त प्रकार. वीस गेममध्ये तीन हव्या असतात, बाकी सतरा विकून किंवा अदलाबदल करून खर्च निघतो. पण गठ्ठ्यातल्या दरवर्षी निघणाऱ्या खेळांच्या गेम शून्य धरा. फुटबॉल, बास्केटबॉल, कुस्ती वगैरेंच्या इतक्या प्रती आहेत की त्या कुणी फुकटही नेत नाही.

बाजारात पहाटे गेलं तर माल मिळतो, उठायच्या वेळी गेलं तर भाव मिळतो. दोन्ही वेळा जावं. शेवटच्या तासाला जड वस्तू परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला असतो, आणि जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही तर लोक ‘घेऊन जा’ म्हणतात. प्रकाश-बंदुकीच्या जुन्या गेम अशा सीआरटी टीव्हीवरच चालतात. जागा असेल तर एक घ्या, पण तो उघडू नका. वीज बंद केल्यावरही आत विजेचा जबर दाब साठून राहतो.

पिशवीत काय असावं

प्रखर टॉर्च. भिंग. मऊ कापड. एए बॅटऱ्या चार, कारण मूळ गेम बॉयला चार लागतात आणि विक्रेत्याकडे कधीच नसतात. शक्य असल्यास चालू स्थितीतला एक गेम बॉय ॲडव्हान्स: त्यात जुन्या गेम बॉयच्या आणि गेम बॉय कलरच्या कार्ट्रिजही तपासता येतात. घरी ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे गेमबिट (खास स्क्रू उघडणारे) पाने असू द्या. पहिला निन्टेन्डोच्या बऱ्याच कार्ट्रिजना, दुसरा कन्सोलना लागतो.

कार्ट्रिज: घाण चालेल, नक्कल नको

काळ्या पडलेल्या पिना, चिकट लेबल, कुणाचं तरी नाव मार्करने लिहिलेलं, पिवळं पडलेलं प्लास्टिक, यांतलं काहीही गेमला मारत नाही. उलट यामुळे भाव पडतो. पिवळेपणा प्लास्टिकमधल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायनांमुळे आणि अतिनील प्रकाशामुळे येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो उतरवता येतो, पण न उतरवताही काही बिघडत नाही.

भीती आहे ती नकलेची, आणि सगळ्यांत जास्त गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कार्ट्रिजमध्ये. मी एकदा फसलोय. लेबल झकास, रंग झकास, पण घरी येऊन तीन तास खेळून सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गायब. आता मी टॉर्च लावून तीन गोष्टी बघतो. पहिली, पिनांच्या वर सर्किटवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं का. दुसरी, पुढच्या लेबलावर दोन आकडी ठसा दाबलेला आहे का. तो छापलेला नसतो, तिरप्या उजेडात खळगा म्हणून दिसतो. तिसरी, लेबलावरच्या अक्षरांच्या कडा सुस्पष्ट आहेत की स्कॅन करून छापल्यासारख्या फुसकट. कवच उघडता आलं आणि आत चिपऐवजी काळ्या डांबराचा थेंब दिसला तर प्रश्नच मिटला.

गंमत अशी की पोकेमॉनच्याच रूबी, सफायर, एमराल्ड या कार्ट्रिज सुरू करताना कधीकधी आतली बॅटरी संपल्याचा संदेश येतो आणि विक्रेता घाबरून भाव पाडतो. या तिन्हींत बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे, सेव्ह वेगळ्या मेमरीत राहतं, गेम खेळता येते. उलट गेम बॉयच्या काळातल्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच बॅटरीवर चालतं. त्यामुळे ती लवकर संपते, आणि बदलताना जुनं सेव्हही जातं. बॅटरी बदलणं म्हणजे थोडंसं झाळकाम. येत असेल तर ‘सेव्ह होत नाही’ हे वाक्य तुमच्यासाठी शुभवार्ता आहे.

सेव्ह तपासायचं असेल तर सेव्ह करा, यंत्र बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढा, पाच मिनिटं इकडे तिकडे फिरून या, मग परत लावा. नुसतं बंद-चालू करून कळत नाही.

डिस्क: चमकती बाजू सगळे बघतात, तुम्ही लेबलची बघा

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि जवळपास सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. माहिती धरून ठेवणारा धातूचा पापुद्रा वर, अगदी लेबलच्या खाली, नुसत्या लाखेच्या थराआड असतो. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो, पण लेबलवरचा खोल ओरखडा माहितीच खरवडून नेतो. त्याला इलाज नाही. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध, त्यामुळे लेबलच्या बाजूने ती जास्त सुरक्षित. ब्लू-रेचा थर मात्र खालून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. वर कडक लेप असतो म्हणून सहसा ओरखडत नाही, पण एकदा खोल चरा गेला की घासायला जागाच नाही.

आता हातात डिस्क घ्या. लेबलची बाजू स्वतःकडे, मागून टॉर्च. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर पापुद्रा तिथे गेलेला आहे. एखादा ठिपका चालून जातो, कारण सीडीची चूक-दुरुस्ती सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खंड भरून काढते. चांदण्या दिसल्या तर ठेवून द्या. मग डिस्क पालथी करा. केंद्राकडून कडेकडे जाणारे ओरखडे दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. माहितीच्या वाटेने गोल गेलेला चरा वाईट. एक्सबॉक्स ३६० डिस्क फिरत असताना हलवला तर ती अशीच कंकणासारखी कापली जाते. असा स्वच्छ गोल चरा दिसला की मी हात आखडता घेतो.

मधल्या भोकाभोवती तडे बघा. डबीतून ओढून काढल्याने ते पडतात. तडा माहितीच्या भागात शिरलेला असेल तर घेऊ नका. जोरात फिरताना तुकडे होऊ शकतात. चमकत्या बाजूला हिरवट-निळसर झाक आणि आतल्या कड्यावर छापील क्रमांक नाही, म्हणजे घरी संगणकावर भरलेली (‘बर्न’ केलेली) प्रत. पण अस्सल प्लेस्टेशन १च्या डिस्क खालून काळ्या असतात, आणि प्लेस्टेशन २च्या काही गेम सीडीवर आल्या, त्यांची खालची बाजू गडद निळी असते. त्यांना नक्कल समजून सोडू नका.

डबी नेहमी उघडून बघा. रिकामी असते, किंवा आत भलतीच डिस्क असते. दोन डिस्कच्या गेममध्ये दुसरी असते का तेही बघा.

संगणकाच्या जुन्या गेम मोठ्या सुंदर खोक्यांत मिळतात. त्यात अनुक्रमांकाचा कागद आहे का बघा. एकदाच वापरता येणारी ऑनलाइन किल्ली असेल तर खोका शोभेचा. आणि नक्कल रोखणारं सेफडिस्क कुलूप असलेल्या गेम मूळ डिस्कवरून विंडोज १०वर चालत नाहीत.

गाण्यांच्या सीडींबद्दल एक शिफारस. सगळे तबकड्यांच्या मागे असताना सीडी मातीमोल झाल्या आहेत. त्यातही ऐंशीच्या दशकातली पहिली आवृत्ती मिळाली तर घ्या. नंतरच्या ‘रीमास्टर’मध्ये आवाज सगळीकडे सारखा चढवलेला असतो, जुन्या प्रतीत हळू आणि मोठ्या आवाजातला फरक बरेचदा शाबूत असतो.

फीत आणि तबकडी

व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे टॉर्च मारा. काळी गुळगुळीत हवी. पांढरट भुकटी किंवा डाग म्हणजे बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालूच नका. आतला ढोल पाल यंत्रात मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतो. बुरशी त्याच्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. माझा एक व्हीसीआर असाच वाया गेला. कॅसेट शेवटी तशीच राहिली, बघून झालीच नाही.

विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या कडेला रेकॉर्डिंगची टिकली तोडलेली असते. त्या भोकावर चिकटपट्टी लावलेली दिसली तर कुणीतरी वरून दुसरं काही भरलंय. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या दोन खाचांनाही हाच नियम. ऑडिओ कॅसेटमध्ये फितीच्या मागे नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो पडला की आवाज दबका येतो. ‘खराब आवाज’ म्हणून स्वस्तात मिळालेली कॅसेट स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात बसवली की बहुधा बरी होते.

तबकडी कव्हरमधून बाहेर काढल्याशिवाय घेऊ नका. कव्हर एकाचं, तबकडी दुसऱ्याची, हे नेहमीचंच. तिरप्या उजेडात धरा. केसासारखे चरे चालतात, नखाला लागणारा चरा ‘टक टक’ करणार. खाचा करड्या दिसत असतील तर जड सुईने त्या झिजवल्या आहेत, आणि धुऊन काही होत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा खूप असतील तर ती खूप वेळा वाजली आहे. वर्णनात ‘गुड’ लिहिलं असेल तर भुलू नका. संग्राहकांच्या श्रेणीत ते जवळपास तळाला येतं. आवृत्ती कोणती हे कव्हरवरून नाही, गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत भागात कोरलेल्या अक्षरांवरून ठरतं. ती डिस्कॉग्सवर टाकून बघा.

कन्सोल

बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरा खवडा पत्र्याच्या टोकांवरच असेल तर व्हिनेगरने निघतो. तारेतून सर्किटपर्यंत पोहोचला असेल तर सोडा. सेगाच्या गेम गियर या हातातल्या यंत्रात आवाज नाही किंवा पडदा फिका असेल तर आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळले आहेत हे गृहीत धरा. बदलता येत असतील तरच घ्या. पहिल्या एक्सबॉक्समध्येही घड्याळाचा कपॅसिटर गळून मदरबोर्ड खातो. घरी नेल्यावर पहिलं काम तो काढण्याचं.

प्लेस्टेशन २ तपासताना एक डीव्हीडी गेम आणि एक निळी सीडी गेम, दोन्ही घाला. दोन्हींसाठी लेझर वेगळा, आणि एक मेला तरी दुसरा चालू असतो. ‘सुरू होतो’ आणि ‘चालतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अडॅप्टर दुसऱ्याचा बसतोय म्हणून लावू नका. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या पिनेत मधली बाजू ऋण, दुसऱ्या मॉडेलमध्ये धन. जपानी यंत्रं १०० व्होल्टची असतात. २३० व्होल्टच्या भिंतीत थेट लावलं तर धूर बघायला मिळेल. गेममध्ये वाजवायची वायरलेस गिटार किंवा कंट्रोलर घेताना त्याला वेगळा रिसीव्हर लागतो का, आणि लागत असेल तर तो सोबत आहे का, ते विचारा. तो नसेल तर ती गिटार शोकेसमध्येच राहील.

भाव करताना

हवी ती वस्तू आधी उचलू नका. चार वस्तू गोळा करा आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा. दोष दाखवा, पण खरा. “याचं सेव्ह होत नाही, मला बॅटरी बदलावी लागेल” हे म्हणणं योग्य, चालू वस्तूला बंद म्हणणं नाही. ‘तपासलेलं नाही’ याचा अर्थ बहुधा ‘तपासलं, चाललं नाही’ असा घ्या आणि त्याच हिशेबाने बोला. आणि समोरचा माणूस गेलेल्या माणसाचं सामान विकत असेल आणि त्यात खरोखर मोलाचं काही दिसलं, तर मी सांगून टाकतो. अशा लोकांनी नंतर मला स्वतःहून फोन करून अख्खे खोके दिले आहेत.

घरी आणल्यावर

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची नाही. तोंडातली वाफ पिनांवर बसून त्या गंजतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, काळं निघायचं थांबेपर्यंत. मग दहा मिनिटं वाळू द्या. पहिल्यांदा चाललं नाही तर परत पुसा. माझ्या ‘मेलेल्या’ कार्ट्रिजपैकी निम्म्या तिसऱ्या काडीला जिवंत झाल्या. डिस्क केंद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. टूथपेस्टच्या युक्त्या विसरा. खोल चऱ्यासाठी डिस्क घासून देणारं यंत्र असलेल्या दुकानात जा. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.

परत करायची मुदत असेल तर त्या मुदतीतच गेम अर्ध्यापर्यंत खेळा, सीडी शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेचा दोष शेवटच्या गाण्यात सापडतो. ते झालं की यादीतून नाव खोडा, भरलेला भाव बाजूला लिहा, आणि गठ्ठ्यातल्या नको असलेल्या सतरा गेम पुढच्या रविवारी न्यायच्या पिशवीत टाका.